मथळ्यातली चूक

प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, की ज्याच्या हातात बाकीचे सगळे निर्धास्तपणे आपला फोन देतात. "जरा बघ रे, हे काय मागतंय," म्हणायचं आणि आपण मोकळं व्हायचं. तुमच्याही घरात असेल. कदाचित तो माणूस तुम्हीच असाल. तसं असेल तर ही गोष्ट जरा सावकाश वाचा.

या घरातल्या त्या माणसाला सगळे वेलांटीमामा म्हणत. कायद्याची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात तो मुद्रितशोधक होता. छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधून काढायच्या, हे त्याचं काम. औषधाच्या खोक्यावरची सूचना असो की जिन्यातली पाटी, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की त्याला चैन पडत नसे. भाचीनं लहानपणी स्वतः रंगवून दिलेल्या शुभेच्छापत्रावरही त्यानं लाल पेनानं दोन वेलांट्या सुधारल्या होत्या. पोर रडली आणि मामाला हे नाव चिकटलं. खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. कोणाला पैशाचा अभिमान असतो, कोणाला रूपाचा. याला आपल्या नजरेचा होता.

त्याची धाकटी बहीण रुग्णालयात परिचारिका होती. तिच्या नवऱ्यानं हयात असताना क्रिप्टोची काही नाणी घेऊन ठेवली होती. ही नाणी हातात येत नाहीत, ती इंटरनेटवरच्या बाजारात घ्यायची, विकायची आणि तिथंच ठेवायची. त्या बाजाराचं नाव टांकसाळ. नवरा गेला तरी तिनं त्या नाण्यांना हात लावला नव्हता. पण आता ती आणि तिची मुलगी ज्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होत्या, त्या मालकीणबाईंनी विकायला काढल्या. त्यांनी आधी हिलाच विचारलं. जवळची सगळी शिल्लक आणि ही नाणी विकून येणारी रक्कम एकत्र केली असती, तर खोल्या तिच्या होत होत्या. भिंतीवर खिळा ठोकायला कोणाची परवानगी लागणार नाही, एवढंच तिचं स्वप्न होतं.

कामावर जाता जाता ती छापखान्यात आली आणि तिनं फोन त्याच्या टेबलावर ठेवला.

"दादा, एवढं विकून पैसे खात्यात घे. मला ते जमत नाही. पासवर्ड फोन आपला आपण भरतो. काही अडलं तर वॉर्डात फोन कर."

"अगं, त्यात अडायचंय काय? तू जा."

"तुझ्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून तुझ्याकडे आणलंय."

या वाक्यानं तो सुखावला. फोनच्या पहिल्याच पडद्यावर मेहुण्यानं टांकसाळीच्या साइटची खूण करून ठेवली होती, तिच्यावर बोट ठेवलं की खरी साइट उघडत असे. त्याला ते ठाऊक नव्हतं आणि त्यानं विचारलंही नाही. त्यानं शोधायच्या चौकटीत नाव टाकलं आणि सर्वांत वर जे आलं ते उघडलं. त्या नावाच्या कडेला बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं होतं.

आता फसव्या साइटी ओळखण्याचं मामाचं स्वतःचं एक शास्त्र होतं. चोराला शुद्धलेखन येत नाही, हा त्यातला पहिला आणि शेवटचा नियम. आजवर आलेले सगळे लबाडीचे निरोप त्यानं याच नियमावर पकडले होते. 'बक्षीस'ऐवजी 'बक्षिस' दिसलं की निरोप खोटा. त्यामुळे डबा तसाच बाजूला ठेवून तो ते पान वाचत बसला. नियम वाचले, अटी वाचल्या, तळाशी असलेला बारीक मजकूरसुद्धा वाचला. एक अनुस्वार इकडचा तिकडे नव्हता. वर पत्त्याशेजारी छोटंसं कुलूपही दिसत होतं. मामा मनातून खूश झाला. कोणीतरी काळजीपूर्वक मुद्रितं तपासलेली दिसतात, असंही त्याच्या मनात आलं.

पासवर्ड मात्र आपला आपण भरला गेला नाही. चौकट रिकामीच राहिली. त्यानं वॉर्डात फोन लावला. बहीण कुणाची तरी जखम बांधता बांधता उठून आली.

"तो आपोआप भरतो ना, दादा?"

"नाही भरत. यंत्रच ते, विसरलं असेल. तू सांग, मी टाकतो."

"नीट बघितलंयस ना?"

"ओळ न ओळ वाचलीय. एक वेलांटी चुकलेली नाही."

तिनं सांगितला, त्यानं टाकला. फोनवर आलेला सांकेतिक आकडा साइटनं मागितला, तो टाकला. पुन्हा एक मागितला, तोही टाकला. मग 'पडताळणी चालू आहे, कृपया प्रतीक्षा करा' अशी पाटी आली आणि एक चक्र गरगर फिरू लागलं. 'प्रतीक्षा'तला दीर्घही बरोबर होता. तो स्वस्थपणे डबा उघडून जेवला. जेवता जेवता त्याला आठवलं, की आपल्या छापखान्यात पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरचीही थोडी नाणी टांकसाळीतच आहेत आणि साइट कशी उघडायची म्हणून तो मागे विचारत होता. मामानं ती लिंक आपल्या फोनवर घेऊन त्यालाही पाठवली आणि खाली लिहिलं, 'तपासले आहे. बिनचूक.'

संध्याकाळी बहीण फोन घ्यायला आली, तेव्हा चक्र अजून फिरतच होतं. तिनं ते पान बंद केलं, पहिल्या पडद्यावरची नवऱ्याची खूण उघडली. पासवर्ड आपला आपण भरला गेला. ती बघत राहिली, मग तिनं फोन त्याच्यासमोर धरला.

"दादा, इथं शून्य दिसतंय."

दोघं तसेच पोलिसांच्या सायबर तक्रारींच्या कचेरीत गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं, फोनमधलं दुपारी उघडलेलं पान शोधलं आणि वरचा पत्ता मोठा करून त्याच्यापुढे सरकवला.

"वाचा."

त्यानं घडाघडा वाचलं. "टांकसाळ."

"तसं नाही. एकेका अक्षरावर बोट ठेवून."

इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवत तो वाचू लागला. टी. ए. ए. एन. के. एस. ए. आणि शेवटच्या अक्षराशी बोट थांबलं. ते 'एल' नव्हतंच. तो इंग्रजी एकचा आकडा होता.

ही चूक त्याला परकी नव्हती. जुन्या इंग्रजी टंकयंत्रांवर एकच्या आकड्याची कळच नसायची, त्याजागी 'एल' दाबायचे. तशा टंकलिखितांतले 'एल' आणि 'एक' वेगळे काढण्यात त्याच्या उमेदीची वर्षं गेली होती. छापखान्यात नवीन येणाऱ्या प्रत्येक मुद्रितशोधकाला तो एक गोष्ट हमखास ऐकवायचा: चूक बारीक टाइपात लपत नाही, ती मथळ्यात ऐसपैस बसते, कारण मथळा दुसऱ्या कोणीतरी वाचला असेल असं प्रत्येकाला वाटतं. आणि त्यानं स्वतः तळटीपा वाचल्या होत्या, मथळा वाचला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"पण मजकुरात एकही चूक नव्हती हो," तो पुटपुटला.

"कशी असेल? मजकूर चोरानं लिहिलेलाच नाही. खऱ्या साइटवरून जसाच्या तसा उचललाय. त्याचं स्वतःचं असं या पानावर एकच आहे, तो म्हणजे वरचा पत्ता."

"आणि हे कुलूप?"

"कुलूप एवढंच सांगतं, की तुमचं बोलणं वाटेत तिसरा कोणी ऐकत नाही. पलीकडे साव बसलाय की चोर, ते कुलूप सांगत नाही. फोननं पासवर्ड भरला नाही, तेव्हाच खरं थांबायला हवं होतं. फोन काही विसरला नव्हता. हा पत्ता आपल्या ओळखीचा नाही, हे त्यानं ओळखलं होतं."

"पैसे परत येतील ना?" बहिणीनं विचारलं.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "आम्ही प्रयत्न करू. पण ही नाणी एकदा दुसऱ्याकडे गेली की बँकेसारखी मागे फिरवता येत नाहीत. या आशेवर घर घेऊ नका." मग त्यांनी मामाकडे पाहिलं. "ही लिंक आणखी कोणाला पाठवलीत का?"

"नाही," मामा म्हणाला.

का म्हणाला? बाइंडरला लिहिलेले शब्द त्याच्या डोळ्यांपुढे होते. आयुष्यभर जे नाव मिळवलं, ते उद्या छापखान्यात हशाचा विषय होणार, या भीतीनं त्याची जीभ आधीच वळली होती. नाहीतरी बाइंडर आळशी माणूस आहे, तो कुठला आज उघडतोय, अशी त्यानं स्वतःची समजूतही घालून घेतली.

कचेरीच्या बाहेर, जिन्याच्या पायऱ्यांवर, बहीण मटकन बसली. तो शेजारी उभा राहिला. ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"आमच्याकडे रक्त चढवतात ना, दादा," ती खाली बघत म्हणाली, "तेव्हा पिशवीतलं रक्त लाल आहे का, असं कोणी बघत नाही. सगळंच रक्त लाल असतं. दोघीजणी उभ्या राहतो. एक पिशवीवरचं नाव आणि नंबर मोठ्यानं वाचते, दुसरी रुग्णाच्या मनगटावरचं. जुळलं तरच लावायचं. ओळखीचा रुग्ण असला तरी वाचायचं. तू रंग बघितलास. वरची चिठ्ठी वाचली नाहीस. आणि मीही तुला पासवर्ड सांगितला. मला शंका आली होती, तरी सांगितला."

"तुझी काय चूक? तू माझ्यावर विसंबलीस."

"तीच चूक. दुसरीनं पहिलीवर विसंबायचं नसतं, म्हणून तर दोघी लागतात." तिनं पदरानं डोळे टिपले. "एकदा चुकीची पिशवी माझ्या हातात आली होती. लावली नव्हती, पण घेतली होती. गुपचूप बदलून टाकावी असं वाटलं होतं. मोठ्या सिस्टरनं तेव्हा सांगितलं, चूक सापडली की आधी ओरडून सांगायचं, रडायचं नंतर. कारण तीच चूक शेजारच्या खाटेवर निघालेली असते."

शेजारची खाट! मामानं बाइंडरला फोन लावला.

"बोला मामा," पलीकडून आवाज आला. "तुम्ही पाठवलेलंच बघतोय. उघडून बसलोय साइट. पासवर्ड काही आपोआप येईना, म्हणून हातानं टाकत होतो."

"थांबा! काही टाकू नका. बंद करा ते पान."

"का? तुम्हीच लिहिलंत ना, बिनचूक म्हणून."

मामाला दोन शब्द बोलायचे होते. लोकांच्या चुका त्यानं लाल शाईनं हजारदा दाखवल्या असतील, पण स्वतःची चूक तोंडानं उच्चारायची सवय नव्हती.

"मी चुकलो," तो म्हणाला. "ती साइट खोटी आहे. माझ्या बहिणीचं सगळं गेलं."

बाइंडर हळूच म्हणाला, "पासवर्डची तीन अक्षरं राहिली होती हो."

मामा बहिणीकडे वळला. "मी आत खोटं बोललो. लिंक पाठवली होती." तिनं फक्त जिन्याकडे बोट दाखवलं. तो पुन्हा वर गेला, अधिकारी बाईंसमोर उभा राहिला आणि आपला जबाब दुरुस्त करून आला.

बाइंडरची नाणी वाचली. बहिणीची गेली ती गेलीच. त्या दोन खोल्या दुसऱ्या कोणीतरी घेतल्या. ती आणि भाची गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायला गेल्या, आणि सामान उतरवताना मामानं भिंतीवर खिळा ठोकण्याआधी नव्या मालकाला विचारलं. मालक नको म्हणाला. मेहुण्याची तसबीर कपाटावर टेकवून ठेवली.

छापखान्यात लोक हसले, चार दिवस हसले आणि विसरले. मामानं मात्र तेव्हापासून ही गोष्ट विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगायचा वसा घेतला आहे, आणि त्याच्यातर्फे मी ती तुम्हाला सांगतो आहे. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे आपण सगळेच घोकत आलो. पण कुठं बघायचं, हे कोणी सांगत नाही. मंडळी, पान बघू नका, पत्ता बघा. जिथं आपले पैसे आहेत त्या जागेचा पत्ता एकदा खात्रीच्या ठिकाणाहून घ्या, अक्षर न अक्षर जुळवा, त्याची खूण करून ठेवा आणि पुढे त्याच दारानं आत जा. जाहिरातीच्या दारानं नको, कोणी पाठवलेल्या लिंकच्या दारानं नको, मग पाठवणारा सख्खा मामा का असेना. फोन अडखळला तर आपणही अडखळा. आणि फसलात तर तोंड लपवू नका, कारण तुमच्या गप्प बसण्यावर चोराचं पुढचं गिऱ्हाईक ठरतं.

काही महिन्यांनी तक्रारीचं पुढे काय झालं ते बघायचं होतं. बहिणीनं फोन पुढे केला. आता ती आपल्या हातात फोन कधी देईल, असं त्याला वाटलं नव्हतं. पोलिसांच्या साइटचा पत्ता त्यानं टाकला, पण तिनं त्याचा हात धरला. तक्रारीच्या पावतीवर त्या साइटचा पत्ता छापलेला होता, ती पावती तिनं आपल्यापुढे धरली.

"वाच, दादा. मोठ्यानं."

तो फोनमधल्या पत्त्याचं एकेक अक्षर वाचू लागला. प्रत्येक अक्षराला ती पावतीवर बोट सरकवत होती आणि म्हणत होती, "बरोबर."