जयंताच्या जागी

१९६३च्या जूनमध्ये चारुलता सबनीसच्या हातात दोन पत्रं आली. एक पुण्याच्या कॉलेजचं, दुसरं जयपूरच्याच विद्यापीठाचं. दोन्हीकडे बी.ए.ला अर्थशास्त्र मिळत होतं.

तिचे वडील उमाकांतराव विमा कार्यालयात अधिकारी होते, मुलं लहान असतानाच साताऱ्याहून बदली होऊन जयपूरला आलेले. त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हता, पुण्यालाच जायचं. दोन वर्षांपूर्वी थोरला जयंत तिथेच अर्थशास्त्र शिकायला गेला आणि तिसऱ्या महिन्यात विषमज्वराने वारला. त्याचं अर्धवट राहिलेलं कुणीतरी पुरं करायला हवं, असं ते म्हणत.

पुण्याचा अर्ज चारूने स्वतःच भरला होता. हाच विषय का, या रकान्यात तिने लिहिलं होतं, ‘माणसं पोटासाठी गाव का सोडतात हे मला समजून घ्यायचं आहे.’ ते वाचून उमाकांतरावांनी चष्मा काढला. जयंताने अगदी हेच लिहिलं होतं, असं ते म्हणाले. त्याचा अर्ज चारूने कधी पाहिलाही नव्हता.

तेव्हापासून तिला घरात करमेना. भर दुपारी, बाहेर लूचा तापलेला वारा वाहत असताना, वरच्या खोलीत खुर्ची सरकल्यासारखी वाटे. ती वर जाऊन पाही. खोलीत कुणी नसे, पण कुणी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटे. एकदा जेवताना वडील तिला म्हणाले, “पोचलास की तार कर.” आई रमाबाईंचा वाढता हात थांबला. आपण काय बोललो हे उमाकांतरावांच्या लक्षातही आलं नाही. चारू “हो” म्हणाली, आणि मग त्या ‘हो’चीच तिला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती चौडा रास्ता बाजारात नंदकिशोरकडे गेली. तो जयंताचा शाळेपासूनचा मित्र. वडिलांच्या पुस्तकांच्या दुकानात बसायचा. जयंताला पुणं आवडलं होतं का, एवढंच तिने विचारलं. गल्ल्यामागून जयंताचं एक हिंदीत लिहिलेलं पत्र काढून त्याने तिला दिलं. जयंताला जयपुरातच शिकायचं होतं. पुण्यात त्याच्या मराठीला मुलं हसत. आठ दिवस अंगात ताप होता, पण बाबांना कळवलं तर परत यायचं निमित्त काढतोय असं त्यांना वाटेल, म्हणून त्याने कळवलं नव्हतं.

संध्याकाळी ती वडिलांसमोर उभी राहिली.

“बाबा, मी इथेच शिकणार. अर्थशास्त्रच, पण इथे.”

“का?”

पत्र तिच्या पिशवीत होतं. वडिलांचा चेहरा पाहून ते बाहेर काढायला तिचा हात धजेना.

“एकटीला भीती वाटते,” ती म्हणाली.

“जयंताला नव्हती वाटली,” ते म्हणाले आणि उठून गेले. महिनाभर ते तिच्याशी बोलले नाहीत.

जुलैत कॉलेज सुरू झालं. पहिल्याच तासाला सरांनी हजेरीत नुसतं ‘सबनीस’ म्हटलं. चारूने आधी मागे वळून पाहिलं आणि मग उत्तर दिलं. पुढे तीन वर्षं तिचं उत्तर असंच क्षणभर उशिरा येत राहिलं.

उमाकांतराव आणखी पाच वर्षं जगले. मुलगा धीराचा होता, मुलगी तशी भित्री, असं ते आल्यागेल्याला सांगत. चारू ते ऐकून घेई. रमाबाई मात्र तेवढ्यात उठून आत जात. आपण लपवून ठेवलेलं ते पत्र आईला कधी सापडलं, हे चारूने विचारलं नाही.