गुडघ्यातून शीर काढणारे महाराज

गणेशगुडी गावच्या देवळासमोर त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. गुडघ्याचे महाराज आले होते ना! भस्माच्या बटव्यात हात घालायचा, दुखऱ्या गुडघ्यावर भस्म चोळायचं, डोळे वटारायचे आणि चिमटीत ओली, पांढरी शीर धरून उंच दाखवायची. "गेली! तुटकी शीर गेली! आता सरळ घरची वाट धर. मागं वळलास तर नवी शीर तुटंल!"

दृष्ट काढल्यावर मागं वळून बघायचं नाही, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक. त्यामुळं हा नियम कुणाला खटकला नाही. मयूरीला मात्र खटकला.

तिचा धाकटा भाऊ प्रज्योत काळी नावाच्या नदीवर लोकांना फिरवणारी राफ्ट, म्हणजे रबरी होडी, चालवायचा. मागच्या महिन्यात खडकाच्या फटीत पाय अडकून अंग फिरलं आणि गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारी शीर, तुटलं. सोमवारी बेळगावात ऑपरेशन. आणि हा पठ्ठ्या शीर काढून घेऊन महाराजांपुढं पाय पसरून बसलेला!

"अक्का, सूज न्हाई, दुखणं न्हाई. ऑपरेशन रद्द! उद्यापासनं राफ्टवर."

 कबड्डीत मयूरीचंही हेच लिगामेंट तुटलं होतं. सूज उतरल्यावर तीही 'बरी झाले' म्हणून मिरवली होती आणि अंगणातच वळताना आपटली होती.

"जा की. पण आधी माझे खांदे धरून जरा वळून दाखव. हळू."

"वळायचं न्हाई!" महाराज कडाडले.

"का ओ? ह्यानं जन्मभर नाकासमोरच चालायचं काय?"

लोक हसले. प्रज्योत चिडून त्या पायावर जरासा वळला मात्र, गुडघा कचकन सटकला. अक्कानं गच्च धरला म्हणून वाचला.

"बघितलासा?" मयूरी म्हणाली. "सूज काही आठवड्यांत आपोआप उतरती. सरळ चालताना ह्या लिगामेंटवर फारसा ताण येत न्हाई. वळताना तेच गुडघा सांभाळतं. म्हणून तर वळायला बंदी! आणि कातडीला ओरखडा न्हाई, मग शीर आली कुठनं?"

तिनं बटवा पाटावर उपडा केला. भस्मातून आणखी शिरा पडल्या. शेजारच्या फुलाकाकी वाकून बघतात तर काय!

"अगं बाई, ह्या तर कोंबडीच्या तंगडीतल्या!"

"त्या... त्या राखीव आहेत," महाराज पुटपुटले आणि चपला शोधू लागले.

प्रज्योतचे डोळे भरले. "ऑपरेशन केल्यावर राफ्टवर जाता येईल न्हवं?"

"लगेच न्हाई. मांडीतली शीर काढून गुडघ्यात बसवत्यात, मग कित्येक महिने व्यायाम. गुडघा वाकवताना मी ढसाढसा रडलेय. पण हे बघ!" आणि ऑपरेशन झालेल्या त्याच पायावर ती गर्रकन फिरली.

महाराज आता पुढच्या गावी, रामनगरात बसले असतील. लोकहो, हात जोडायचे तर खुशाल जोडा, पण जो तपासून बघू देत नाही त्याला आधी 'का' म्हणून विचारा. अहो, प्रज्योतच्या राफ्टमध्ये दुसऱ्या दिवशी तुमचीच पोरं बसणार होती.