हुएसाठी दोन दिवस

“आणि त्या घाटात गाडी थांबते?” रईसानं विचारलं.

“थांबते. इंजिन दमतं ना,” लिएन म्हणाली. “थांबली की खिडकीखाली समुद्र आणि डोक्यावर ढग. बायका केळी विकायला येतात.”

“आमच्या आंबा घाटात खाली दरी असते. आणि करवंदं येतात विकायला.”

दम्माममधल्या त्या इस्पितळात बायकांच्या सर्जिकल वॉर्डाला लागून चहाची एक चिंचोळी खोली होती. दुपारी जेवणं उरकून पेशंट झोपले की दोघी तिथे बसत. नव्वद सालचा उन्हाळा होता. लिएन मूळची व्हिएतनाममधल्या हुए शहरातली. विशीत असताना भावाबरोबर होडीत बसून पळालेली, ऑस्ट्रेलियात नर्स झालेली आणि तिथून नोकरीसाठी इथे आलेली. रईसा रत्नागिरीची. मुंबईत नर्सिंग केलं, लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागोमाग तीही सौदीला आली. अली रास तनुराच्या रिफायनरीत स्टोअरकीपर होता.

लिएनचे वडील हुएलाच राहिले होते. नदीकाठी त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आता पळून गेलेल्यांना तिथलं सरकार पुन्हा व्हिसा देऊ लागलं होतं, भावानं तसं फोनवर सांगितलं होतं. पण लिएनला एकटीला जायचं धाडस होत नव्हतं. ऑपरेशन थिएटरमध्ये भलेभले सर्जन जिच्याकडे बघून सावध होत, ती बाई एका दुपारी मान खाली घालून म्हणाली, “रईसा, तू येशील माझ्याबरोबर?”

रईसाला आधी हसूच आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिची प्रत्येक रजा गावीच गेली होती. कधी नणंदेचं लग्न, कधी घराचा स्लॅब, कधी सासऱ्यांचा मोतीबिंदू. नुसतं बघायला म्हणून ती कुठेच गेली नव्हती. रात्री जेवताना तिनं अलीजवळ विषय काढला.

“व्हिएतनाम?” अलीचा घास हातातच राहिला. “तिथं काय हाय?”

“राजांचे महाल हायत. नदी हाय, घाट हाय.”

“नदी आपल्याकडं नाय?”

“हाय की. पण मी ती बगायला कदी गेले?”

अलीनं ताटात आणखी थोडा भात घेतला. नाही म्हणाला नाही, एवढंच रईसाला पुरेसं होतं.

मग दोघी रोज दुपारी जाऊ लागल्या, चहाच्या खोलीतूनच. बँकॉकमार्गे हुए. तिथे लिएनच्या घरी दोन दिवस. होडीतून सुगंधी नदीवर जायचं. शरद ऋतूत वरच्या रानातली फुलं पाण्यात पडतात म्हणून नदीचं तसं नाव पडलं, असं लिएन सांगायची. काठावरचा सात मजली पॅगोडा बघायचा. जुन्या राजांच्या समाध्या बघायच्या. त्यांतल्या एका राजानं म्हणे जिवंतपणीच आपली समाधी बांधून घेतली आणि तिथल्या तळ्याकाठी बसून तो कविता करायचा. मग आगगाडीनं समुद्राकाठचा तो घाट ओलांडून दा नांगला, आणि शेवटी होई आन. होई आन हे जुनं बंदर. पिवळ्या भिंतींची व्यापाऱ्यांची घरं, दारात कंदील, ओढ्यावर छप्पर घातलेला पूल.

“मी तिथं खाऊ काय?” रईसाला शंका यायची. “मला हलाल लागतं.”

“मासे खा. भात खा. नारळ आहेच.”

“म्हणजे मी रत्नागिरीतच असणार.”

फेब्रुवारीतल्या त्यांच्या नववर्षाच्या सणाला पोचायचं ठरलं. मेट्रननं दोघींच्या रजेला तोंडी होकारही दिला.

आणि ऑगस्टमध्ये कुवेत इराकच्या हाती पडलं.

आठवड्याभरात दम्माममधल्या निम्म्या हिंदुस्थानी घरांत बॅगा भरल्या गेल्या. अलीच्या बहिणीबरोबर त्यांनी आपल्या लेकीला, इकराला, रत्नागिरीला पाठवलं. विमानतळावर ती, “मम्मी, यू आर कमिंग नो?” असं पुन्हा पुन्हा विचारत होती आणि रईसा दर वेळी हो म्हणत होती. रस्त्यांवर रणगाडे लादलेले ट्रक दिसू लागले. भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे एकच विषय बोलत.

जानेवारीत, इराकला कुवेत सोडायला दिलेली मुदत संपत आली तेव्हा मेट्रननं सगळ्यांना बोलावून सांगितलं, ज्यांना घरी जायचंय त्यांनी आत्ताच सांगावं, नंतर कुणालाच रजा मिळणार नाही. बऱ्याच जणींनी हात वर केले. रईसाचाही हात अर्धा वर गेला होता. तिनं शेजारी पाहिलं. लिएन हाताची घडी घालून उभी होती.

“तू जात नाहीस?” बाहेर आल्यावर रईसानं विचारलं. “ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट आहे तुझ्याकडे. पहिलं विमान तुला मिळेल.”

“एकदा पळालेय मी,” लिएन म्हणाली. “त्या पळण्यात बाबा मागे राहिले. वॉर्डात पोटाला टाके घातलेल्या बायका आहेत. त्यांना कुठं पळता येतंय?” मग तिनं रईसाच्या दंडाला हात लावला. “पण तुला मुलगी आहे. तू जा. मी मनात काही धरणार नाही.”

रईसा घरी आली. बॅग उघडली, इकराचा फ्रॉक वर ठेवला, आणि बॅग तशीच उघडी ठेवून स्वयंपाकाला लागली. अली कामावरून आल्यावर ती म्हणाली, “तुमी जाताव?”

“मी कसा जाऊ? सगळेच गेले तर स्टोअर कोण बगणार?”

“मग मी पण नाय जात.”

अली चिडला. पोरीला आई लागते, म्हणाला. दार आपटून बाहेर गेला. तासाभरानं तमीसची रोटी आणि दूध घेऊन परत आला, आणि त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

लढाई सुरू झाली. क्षेपणास्त्राच्या हल्ल्याचा भोंगा वाजला की सगळ्यांनी विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे चढवायचे, अशी सक्त ताकीद होती. एका संध्याकाळी मगरिबची अजान होऊन गेली होती, जेवणाच्या गाड्या फिरत होत्या, आणि भोंगा सुरू झाला. वॉर्डात धांदल उडाली. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या उम्म सालेह या म्हाताऱ्या बाईनं मुखवटा ओढून फेकून दिला आणि ती छाती पिटू लागली. मुखवटे घातलेल्या नर्सा तिला जिनांसारख्या वाटत होत्या. तिचं बघून बाकीच्या बायकाही रडू लागल्या. एकीनं सलाइनची सुई उपसायला हात घातला.

लिएननं स्वतःचा मुखवटा काढला. उघड्या तोंडानं ती म्हातारीच्या खाटेवर जाऊन बसली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“रईसा, काल आपण कुठपर्यंत आलो होतो?”

रईसाला क्षणभर कळेना ही काय विचारतेय. मग तिनंही मुखवटा उतरवला. “घाटाखाली,” ती म्हणाली.

“मग चढ आता. मी सांगते, तू यांना अरबीत सांग.”

लिएन सांगत गेली. गाडी खाडीवरून वळते. पाण्यात कोळ्यांची जाळी बांबूंवर पसरलेली दिसतात. मग झाडी सुरू होते, बोगदा येतो, अंधार होतो आणि पुढच्याच वळणाला सगळा समुद्र एकदम दिसतो. रईसा तिच्या मोडक्यातोडक्या अरबीत मागून सांगत होती. म्हातारीचं रडणं हुंदक्यांवर आलं.

“समुद्र आहे तिथं?” तिनं विचारलं. “मासे?”

“खूप,” रईसा म्हणाली.

तेवढ्यात वर कुठेतरी प्रचंड आवाज झाला. खिडक्या थरथरल्या, ट्रेमधल्या वाट्या खाली पडल्या. लिएन थांबली नाही. तिनं म्हातारीचे हात तेवढे घट्ट धरले आणि गाडी घाट उतरवून स्टेशनात आणली. धोका टळल्याचा भोंगा वाजला तेव्हा सुई उपसणारी बाई डोळे मिटून पडली होती आणि उम्म सालेह कुणीतरी जेवण आणा म्हणत होती.

नंतर हात धुवायला गेलेली रईसा दारातच थबकली. लिएन बेसिनला धरून उभी होती आणि तिचं सगळं अंग थरथरत होतं. रईसानं मागून तिला धरलं.

“हुएत लढाई झाली तेव्हा आम्ही कितीतरी दिवस खाटेखाली होतो,” लिएन म्हणाली. “बाबा माझ्याकडून हीच वाट वदवून घ्यायचे. माझी चूक झाली की पुन्हा पहिल्या स्टेशनापासून.”

त्या दिवसापासून रईसाला तिच्याशेजारी काम करताना भीती कमी वाटू लागली. अलीला ती म्हणाली, “ती बाई माझ्यापेक्षा जास्त घाबरते. तरी ती जागेवरून हलत नाय.”

फेब्रुवारीत, सणाच्या दोन-चार दिवस आधी, लिएनच्या भावाचा फोन आला. वडील गेल्याला महिना होत आला होता. झोपेतच गेले. शेजाऱ्यांनी सगळं उरकलं, पण निरोप फिरत फिरत उशिरा पोचला. लिएननं रिसीव्हर ठेवला आणि ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन ती वॉर्डात गेली. सगळी ड्रेसिंगं तिनं रोजच्यासारखीच केली. रईसानं त्या दुपारी चहा केला आणि कप तिच्या हातात दिला.

महिनाअखेरीला लढाई थांबली. कुवेतमधल्या विहिरी जळत होत्या, आणि वारा फिरला की भर दुपारी आभाळ काळवंडून जाई. मेट्रननं रजा पुन्हा सुरू केल्या. लिएन रईसाला म्हणाली, “तू रत्नागिरीला जा. माझं जायचं खलास. आता तिथं कोण आहे?”

रईसानं घरी येऊन अलीला हे सांगितलं. सांगताना तिला रडू आलं. अली बूट काढत होता. बूट बाजूला ठेवून तो म्हणाला, “इकराला मी आणतंय. रमजानच्या आदी तू जाऊन ये लिएनबरोबर.”

“मी? इकरा वाट बगत असंल.”

“बगू दे आठ दिवस. मी सांगन तिला, तुजी आई कुणाबरोबर गेलीय ते.”

दुसऱ्या दिवशी चहाच्या खोलीत रईसानं पुन्हा सुरुवात केली. बँकॉक, मग हुए. लिएन म्हणाली, “हुएला एक दिवस पुरे. कबरीवर जायचं, निघायचं. घराला कुलूप असेल.”

“दोनच ठेव,” रईसा म्हणाली.

“कशाला?”

“बंद घर उघडलं की झाडायला एक दिवस जातो. आम्ही दर रजेला तेच करतो. मी आहे ना बरोबर.”

लिएननं कप दोन्ही हातांनी धरला.

“तुमच्याकडे कोरडंच झाडतात?” तिनं विचारलं.

“नाही. आधी पाणी शिंपडायचं, मग झाडायचं. नाहीतर धूळ उडते.”

“बाबाही तसंच करायचे,” लिएन म्हणाली.

वॉर्डात कुणीतरी घंटी वाजवली. लिएन उठली, कप विसळून पालथा घातला, आणि टोपीची पिन नीट करत घंटीच्या दिशेनं चालू लागली.