हेल्मेटवाले सर

मी बाटल्यांच्या झाकणांची ड्रॉइंग काढते. गुजरातला लागून असलेल्या नरोलीत, भाड्याच्या खोलीत बसून, कॉम्प्युटरवर, ऑनलाइन मिळेल त्या गिऱ्हाइकासाठी. पुण्याचे एक साहेब नेहमीचे. दर सांगितला की लिहायचे, "जयाताई, घरबसल्या काम आहे ना? जरा कमी करा." जणू झाकण मी कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये काढते.

एकदा डोकं फिरलं. त्याच साइटवर संजूदादाच्या नावाने दुसरं खातं उघडलं. दादा शेजारच्या सायली गावात, कारखान्यात खोक्यांना टेप लावतो. फोटो टाकला पिवळ्या हेल्मेटमधला. साहेबांना तशीच झाकणं दाखवली, दर दुप्पट सांगितला. लगेच उत्तर आलं, "सर, कधी सुरू करताय?"

पुढे तर साहेबांनी माझी ड्रॉइंग तपासायचं काम सरांना दिलं. मी माझीच ड्रॉइंग तपासली. चूक सापडेना. "सर, संकोच करू नका," साहेबांचा आग्रह. शेवटी मी लिहिलं, "झाकण जरा भावनिक झालंय." ते त्यांनी मला पाठवलं. मी तीच फाइल परत धाडली.

"बघा ताई, सरांमुळे केवढा फरक पडला!"

मग वर्षभराचं काम निघालं. माणूस एकच ठेवायचा होता. ते हातचं गेलं तर मलाही टेप लावायला जावं लागणार होतं. आईने दादाच्या सुपरवायझरशी बोलूनही ठेवलं होतं. सरांना मिळालं तरी करणार मीच होते. फक्त एक व्हिडिओ कॉल निभवायचा होता.

"जये, मी काय बोलू?" हेल्मेट घालून बसलेला दादा म्हणाला.

"काहीही विचारलं तरी म्हण, टेक्निकली बघावं लागेल."

मी कॅमेऱ्याच्या खाली फरशीवर बसले.

"सर, मटेरियल बदललं तर?"

"टेक्निकली बघावं लागेल."

"वा! हाच अनुभव हवा होता. मग जयाताईंना काढूनच टाकतो. बायकांना झाकणाचे आटे कळत नाहीत हो. बरोबर ना, सर?"

दादाने खाली माझ्याकडे पाहिलं. "टेक्निकली..."

मी उठले. त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर चढवलं.

"सगळे आटे मी काढलेत, साहेब! तपासले पण मीच. हा खोक्यांना टेप लावतो."

"चांगला लावतो," दादा म्हणाला.

साहेब दादाकडे बघत म्हणाले, "सर, ताईंना जरा समजवा ना. काम देतो त्यांना. जुन्या दराने."

"आणि दुप्पट दर?" मी ओरडले.

"तो सरांचा होता."

मी कॉल तोडला. संध्याकाळी साइटवर शेरे आले. संजूदादाला पाच तारे: 'शांत, अनुभवी.' मला एक: 'आवाज चढतो.'

सोमवारी सायलीला गेले. दादाचंच टेबल, तीच खोकी, तोच टेप. सुपरवायझर म्हणाला, "बेन, लेडीजचा रेट वेगळा असतो. हलकं काम आहे ना."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारी दादाने टेप खाली ठेवला. हाताची घडी घातली.

"टेक्निकली," तो म्हणाला, "बघावं लागेल."