परसूचं वजन

“हलू नको रे परसू, काटा थांबू दे!” नरसिंहराव ओरडले.

सिटी स्टेशनच्या पार्सल ऑफिसातल्या वजनकाट्यावर त्यांचा पिवळसर लॅब्राडोर ऐसपैस बसला होता. आपल्याला इथं का आणलंय हे त्याला कळत नव्हतं, पण सगळे आपल्याकडेच बघताहेत याचा आनंद शेपटीत मावत नव्हता. हमाल देवाप्पानं त्याला दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

“तू हात काढ आधी. तुझंही वजन येतंय त्यात.”

देवाप्पा बाजूला झाला. काटा थांबला. शंभर पौंडांना चार कमी.

“भरल्या घरचं कुत्रं असंच असतंय, रायरे,” देवाप्पा कौतुकानं म्हणाला. नरसिंहरावांनाही मनातून तसंच वाटत होतं. कारकून म्हणून त्यांची उमर या काट्यापाशी गेली होती. पानांच्या करंड्या, शिवणयंत्रं, रेशमाचे गठ्ठे, सगळं त्यांच्या डोळ्यांखालून जाई. एकदा वजन कळलं की वस्तू कळली, असा त्यांचा विश्वास होता.

परसू आला तोही पार्सल म्हणूनच. कॉफीच्या एका मळेवाल्यानं दंडूतल्या, म्हणजे गोऱ्यांच्या छावणीतल्या, साहेबाला वेताच्या टोपलीतून पिल्लू पाठवलं, आणि टोपली पोचली तेव्हा साहेब सामान विकून विलायतेला निघून गेला होता. मळेवाल्याला तार केली तर उत्तर आलं, ठेवून घ्या. ऑफिसात सगळे त्याला पार्सल म्हणत. चामराजपेटच्या घरी आल्यावर बायकोच्या, अहल्याबाईंच्या तोंडी त्याचा परसू झाला. मुलगी विमला लग्न होऊन होसकोट्याला गेली होती आणि घर नुकतंच गप्प झालं होतं, त्यामुळे सोवळ्याओवळ्याचा प्रश्न फारसा न ताणता निकालात निघाला. परसूनं मागच्या अंगणात राहायचं, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. हा नियम त्यानं घरातल्या माणसांपेक्षा जास्त पाळला.

अलीकडे मात्र तो दोन पायऱ्या चढला तरी धापा टाकी. म्हणून नरसिंहरावांनी त्याचं वजन केलं आणि तो आकडा घेऊन ते जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर जयसिंगराव गावातलेच, घरी मराठी बोलणारे. त्यांनी आकडा ऐकून घेतला, पण त्याचं फारसं कौतुक केलं नाही.

“आकडा असू दे, राव. प्रत्येकाचा बांधा निराळा. तुमचा हात द्या इकडं.” डॉक्टरांनी त्यांचा तळवा परसूच्या कुशीवर ठेवला. “काय लागतंय?”

“गादीसारखं लागतंय.”

“तेच तर. बरगडी डोळ्यांना दिसू नये, पण हाताला लागावी. वरून बघितलं तर कंबर दिसावी, बाजूनं बघितलं तर पोट मागं वर चढलेलं असावं. याला कंबर आहे कुठं? असंच चाललं तर मागचे पाय जातील, काळीजही थकेल. घरात चारतंय कोण?”

“मी संध्याकाळी एकदाच घालतो. तेही मोजून.”

“मग बाकीचं घरच्या बाई,” डॉक्टर हसले. “त्यांना सांगा, प्रेम स्वल्प कमी करा म्हणून.”

नरसिंहरावांनी तसं सांगितलं. अहल्याबाईही हसल्या. “सरी. नाही घालत,” म्हणाल्या आणि पानाकडे वळल्या.

त्या घरची रीत जुनी होती. आधी नरसिंहरावांनी जेवायचं, मग त्याच केळीच्या पानावर अहल्याबाईंनी, मागच्या दाराशी बसून. आपलं जेवण होत आलं की नरसिंहराव पानाच्या कडेला तुपाचा भात राखून ठेवीत, सणावारी त्यावर होळिगेचा, पुरणपोळीचा अर्धा तुकडा. बायकोशी गोड बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. ते काम हा भात करी. पान तसंच ठेवून ते बाहेर ओट्यावर सुपारी कातरत बसत. बायको जेवताना पुरुषानं तिथं थांबायचं नसतं, त्यामुळे इतक्या वर्षांच्या संसारात अहल्याबाईंना जेवताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

संक्रांत आली तरी परसूची कंबर काही सापडेना. नरसिंहराव रोज सकाळी त्याच्या कुशीवर हात ठेवून बघत. रोज गादीच.

एके दिवशी गाडी रद्द झाली आणि ते दुपारीच घरी आले. सकाळी उशीर झाला म्हणून ते नुसतं ताक पिऊन गेले होते. पुढच्या दाराला आतून कडी होती, म्हणून गल्लीतून वळसा घालून मागं गेले. दारात अहल्याबाई पान मांडून बसल्या होत्या. सारभात कालवून त्या एकेक घास उंबऱ्यापलीकडे ठेवत होत्या आणि परसू तो हळूच उचलत होता.

“हा शेवटचा हं, राजा,” त्या म्हणत होत्या. पानावर भात पुष्कळ होता.

नरसिंहरावांचं डोकं फिरलं. “अहल्या! डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? मारायचंय का त्याला?”

अहल्याबाई दचकून उठल्या आणि उठता उठता झोक गेला. नरसिंहरावांनी पुढं होऊन पाठीला हात दिला.

हाताला बरगड्या लागल्या. एकेक, वेगळी. नऊवारीच्या घड्यांखाली काय उरलंय ते डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं. महिनाभर रोज कुत्र्यावर फिरलेला तो हात होता. त्याला आता काही शिकवायला नको होतं.

“तू काय खातेस गं?” त्यांचा आवाज एकदम उतरला.

“खाते की.”

“काय खातेस?”

“घास खाली उतरत नाही. ताक जातं स्वल्प. अन्न टाकायचं कसं? आणि भांड्यात उरलेलं तुम्हाला दिसलं असतं, तर घोर लागला असता. म्हणून यालाच घातलं. त्याला बोलू नका. मी घातलं म्हणून त्यानं खाल्लं.”

“कधीपासून?”

“गौरीपासून.”

नरसिंहराव तिथंच उंबऱ्यावर बसले. कडेचा तुपाचा भातही मग इतके दिवस याच वाटेनं गेला असणार. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

मोठ्या दवाखान्यात अहल्याबाईंच्या पोटात गाठ निघाली. उशीर झालाय, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. नरसिंहरावांनी रजा टाकली आणि गंजी, तांदळाची पातळ पेज, करायला शिकले. पहिल्या दिवशी करपली, दुसऱ्या दिवशी मीठ राहिलं. आता आधी अहल्याबाईंचं पान मांडलं जाई आणि नरसिंहराव समोर मांडी घालून बसत. परसू उंबऱ्याबाहेरून दोघांकडे आळीपाळीनं बघे.

“पुरुषमाणसानं वाढायचं आणि मी गिळायचं. लाजेनंच घास अडकतोय,” त्या म्हणत.

“अडकू दे. मी आहे इथं.”

दोन चमचे, कधी तीन. ते खाऊन झाले की परसूकडे बघून त्या म्हणत, “माझ्यामागं त्याचे लाड करू नका. तुम्हाला जमणार नाही, पण हातानं बघत चला.”

उगादीच्या पाडव्याआधी त्या गेल्या. विमला पंधरा दिवस राहून होसकोट्याला परतली.

उन्हाळा सरताना नरसिंहराव परसूला घेऊन पुन्हा जयसिंगरावांकडे गेले. डॉक्टरांनी दोन्ही हात कुत्र्याच्या अंगावरून फिरवले, मागं सरून वरून बघितलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

“भले! बरगडी बरोबर हाताला लागते. कंबरही निघाली. असं वजन हवं. घरच्या बाईंना माझी शाबासकी सांगा, त्यांचंच काम हे.”

नरसिंहरावांनी साखळी हातात घेतली. “सांगतो,” ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी भात टाकला, पान मांडलं, जेवले. जेवण संपलं तेव्हा पानाच्या कडेला तुपाचा भात राहिला होता. हातानं तो आपला आपणच राखून ठेवला होता. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मागच्या दाराबाहेर परसू पुढचे पाय जुळवून बसला होता.

“ये, आत ये,” नरसिंहराव म्हणाले.

परसू उठला, पण उंबऱ्याशी थांबला. तेव्हा त्यांनीच पान उचलून त्याच्यापुढं नेऊन ठेवलं. तो खात असताना त्याच्या कुशीवर त्यांनी हात ठेवला.

“आजच्यापुरतं हं,” ते हळूच म्हणाले. “तिला सांगू नको.”