डोक्याआड सूर्य

लेम्पीचा जीव नुसता वर-खाली होत होता. गोठलेल्या तळ्यावर हवेतले हिमकण चमचमत होते, सूर्याभोवती गोल खळं पडलं होतं, आणि त्या खळ्याच्या आत, सूर्याच्या अगदी माथ्यावर, ती कमान! पाचरीसारखी टोकदार. गेल्या हिवाळ्यातही तिनं ती पाहिली होती. पण सूर्य झाकायला काही धरायचं घाईत राहून गेलं आणि फोटो आला पांढराफटक. अशा खळ्यांचे फोटो जमवणाऱ्या मंडळींनी "भास झाला असेल, बाई" म्हणून तिला उडवूनच लावलं होतं. ते तिला अजून झोंबत होतं.

आज तरी आडोसा कुठून आणणार? उघड्या तळ्यावर ना खांब, ना झाड. होता तो फक्त नवरा, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेला.

"ओइव्हा, ऊठ! सूर्य झाकून उभा राहा!"

"गप गं! मासा लागतोय. सकाळपासनं पहिला."

"मासा काय पळून जातोय?"

"मग मासे दुसरं काय करतात?"

"हे बघ, खळं विरलं ना, तर आठवडाभर बोलणार नाही तुझ्याशी."

"वा! म्हणजे निवांत गळ टाकता येईल," ओइव्हा कुरकुरला, पण गळाची दोरी धरून उठला.

लेम्पीनं बर्फावरच बसकण मारली. "डावीकडे सरक. अरे तुझं डावं नाही, माझं! हां. आता हलू नकोस. आणि श्वास सोडू नकोस, वाफ येतेय मधे."

"मग काय मरू?"

"जरा वेळ!"

ओइव्हा गाल फुगवून उभा राहिला. दोरीला हिसका बसला. मग आणखी एक, चांगला जोरदार. पठ्ठ्यानं मान तसूभर हलवली नाही. दोरी सैल पडली, तेव्हा कुठे लेम्पीचे फोटो काढून झाले.

"गेला ना रे?"

"केवढा होता म्हणून सांगू!" त्यानं दोन्ही हात पसरले. "तुझं आलं का ते?"

आलं होतं. कमान अगदी लख्ख, आणि मधोमध कानटोपीतलं ओइव्हाचं डोकं. लेम्पीला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

तिनं फोटो धाडला, आणि संध्याकाळी त्या मंडळींच्या म्होरक्याचा निरोप आला. "चुकलो, लेम्पीबाई. कमान खरी आहे, संग्रहात घेतोय. फक्त मधला तो माणूस काढून टाकता येईल का?"

लेम्पीनं लगेच उत्तर धाडलं.

"नाही. त्यानं मासा सोडलाय."