मी, रोझलिंडची बहीण

मी एक ऑर्किड बोलतेय. सिंगापूरला, कातोंगमधल्या चिया बेंग सियांग यांच्या परसात, कोळशाच्या तुकड्यांत मुळं रोवून उभी आहे. शेजारच्या कुंडीत माझी बहीण आहे. तिच्याकडे पाहिलं की अजूनही माझा जळफळाट होतो. खोटं कशाला बोलू?

बेंग सियांग पेशाने कारकून. दर रविवारी दात कोरायच्या काडीने एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावायचे, हा त्यांचा नाद. अशाच एका शेंगेतून आम्ही शेकडो बहिणी निघालो, बाटलीतल्या जेलीवर वाढलो आणि मग कुंड्यांत आलो. बऱ्याच जणी मेल्या. माझ्या आईबापांची नावं आइस्क्रीमच्या काडीवर लिहून कुंडीत खोचली होती. दोन वर्षांत काडी कुजली आणि बेंग सियांगांच्या लेखी मी बेवारस झाले.

बहीण आधी फुलली. गुलाबी, टपोरी! जगभरच्या नव्या ऑर्किडांची नोंद ठेवणाऱ्या लंडनच्या वहीत बेंग सियांगांनी तिचं नाव घातलं, 'रोझलिंड क्वेक'. हे त्यांच्या साहेबांच्या बायकोचं नाव. मग काय, प्रदर्शनात बक्षीस, वर्तमानपत्रात फोटो. तिच्या कुंडीला पितळी पाटी, माझ्या कुंडीला शेवाळ.

माझ्याइतकंच आणखी एक माणूस जळत होतं. घरधनीण गिओक निओ.

"तीस वर्षं तुमच्यासाठी मिरच्या मी वाटल्या, आणि फुलाला नाव त्या बाईचं?"

"अगं, साहेब खूश झाले ना!"

"मग जेवायलाही साहेबांकडेच जा."

मी सातव्या वर्षी फुलले. गडद जांभळी, मधली पाकळी जवळजवळ काळी. गिओक निओ कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "हिला माझं नाव. आता सबबी नकोत."

नाव नोंदवायचं तर आईबाप ठाऊक हवेत. बेंग सियांगांनी जुनी वही काढली. माझ्या कुंडीच्या बुडाशी कोरलेला बाटलीचा आकडा वहीशी ताडून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. मी रोझलिंडच्याच शेंगेतली निघाले. आमच्यात रीत अशी, की एका जोडप्याच्या सगळ्या लेकरांचं नाव एकच. पहिलीला ठेवलं तेच सगळ्यांना. म्हणजे मीसुद्धा रोझलिंड क्वेक! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बेंग सियांग अर्ज पुढ्यात घेऊन बसले. मग हळूच म्हणाले, "बापाच्या रकान्यात दुसरंच नाव लिहू? कोण तपासतंय!"

लिहा हो, लिहा, असं मी मनात म्हणत होते.

गिओक निओंचे डोळे भरून आले होते. "नको. खोटा बाप लावून मला नाव नको. तुमची वही आजवर कधी खोटं बोलली नाही."

अर्ज फाटला. पण पुढच्या प्रदर्शनात मला तिसरं बक्षीस मिळालं, आणि बक्षीस मिळालेल्या झाडाला घराण्याच्या नावाखाली स्वतःचं नाव लावता येतं. बेंग सियांगांनी त्याच दिवशी माझी पाटी करायला टाकली. वर 'रोझलिंड क्वेक', खाली 'गिओक निओ'.

आता माझी पानं पिवळी पडत चालली आहेत, आणि बहीण मेली अजून टवटवीत आहे. पण शेजारणी आल्या की गिओक निओ त्यांना आधी माझ्याकडे आणतात. पाटी दाखवताना वरच्या ओळीवर अंगठा दाबून धरतात.

तुम्ही कधी आलात, तर त्यांना अंगठा उचलायला सांगू नका.